गळून पडलेला श

त्या बुधवारी सकाळी कढईत मेथी पडली आणि चर्र झालं नाही.

चुडामण मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून पायात मोजे चढवत होता. मोहरी तडतडावी, लसूण लाल व्हावा, त्यावर धुतलेली ओली मेथी पडावी आणि अख्ख्या गल्लीला कळावं की मिस्त्रीचा डबा झाला, हा तीस वर्षांचा रिवाज. मेथी पडली. वाफ उठली, वास नाकात शिरला, ठसकाही लागला. सगळं रीतसर झालं, फक्त मधला आवाज कोणी कात्रीने कापून नेला होता. चुडामणच्या मनात पहिली गोष्ट आली ती मिस्त्रीच्याच मनात येईल अशी, की बिघाड कढईत आहे.

"तेल तपू दे ना वं जरा," तो म्हणाला.

भिकुबाईने झारा हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. "तेल तपेल शे," ती म्हणाली. "तुमनं ध्यान कोठे शे?"

कानात पोचलं ते असं: तेल तपेल ए, तुमनं ध्यान कोठे ए. शे म्हणजे आहे. खानदेशात एखादी वस्तू आहे असं म्हणायचं तर शेवटी शे लागतोच, नाहीतर ती वस्तू अधांतरीच राहते. भिकुबाईच्या तोंडून तो शे नेहमीसारखा निघाला असणार, कारण तिचे दात दिसले, ओठ पुढे आले. पण वाटेत त्यातला श गळाला, आणि उरलेला ए लंगडत लंगडत चुडामणपर्यंत आला. बाईचे पुढचे दात हलायला लागले असावेत, असं त्याने मनात नोंदवलं आणि दुसरा मोजा चढवला.

कारण बिघाड हा यंत्रात असतो, माणसात नसतो, यावर त्याची चाळीस वर्षांची श्रद्धा. गेल्या वर्षभरात त्याच्या घरातली एकेक वस्तू मुकी होत चालली होती आणि त्याने तिचा रीतसर इलाज केला होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करेना, त्याचा सेल दोनदा बदलला. दारावरची घंटी बारीक वाजते म्हणून ती काढून ट्रकच्या हॉर्नसारखी भोंगाघंटी बसवली, तेव्हापासून दूधवाला दारावर हात मारतो, बटण दाबत नाही. डास आता गाणं न म्हणताच चावतात, त्याचं खापर त्याने नव्या औषधावर फोडलं. भिकुबाईच्या बांगड्या वाजत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा हल्ली काचेतही भेसळ होते, असं तो शेजाऱ्यापाशी बोललासुद्धा. आता कढई. हिला कल्हई नाही की बुडाला काजळी बसली, हे रविवारी पाहू, असं ठरवून तो डबा घेऊन निघाला. नशिराबाद रस्त्यावर मागून येणारा ट्रक त्याला फर्लांगभर आधी ऐकू आला आणि त्याला बरं वाटलं. बहिऱ्या माणसाला ट्रक ऐकू येतो का? नाही. मग झालं तर.

जिनिंग इंदरचंद शेठजींची. सरकीपासून कापूस वेगळा करायची चोवीस यंत्रं, बारा या बाजूला, बारा त्या बाजूला, आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात एक पोलादी पातं, मिनिटाला हजार वेळा खाली-वर. चोवीस यंत्रं एकदम सुरू झाली की हॉलमध्ये आवाज येत नाही, आवाजाच्या आत आपण जातो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की नशिराबादच्या चिमण्या बिऱ्हाड हलवून चोपड्याला जातात आणि होळीला परत येतात, असं बेबाबाई सांगायची. ती तिथे कापूस यंत्रात लोटायच्या कामावर, आणि चिमण्यांना आपण स्वतः जाताना पाहिलं आहे असं शपथेवर सांगायला तयार. त्या हॉलमध्ये तोंडाने बोलायचं कामच नव्हतं. बोलणं ओठांवर ठेवायचं आणि समोरच्याने ते डोळ्यांनी उचलायचं. चाळीस फुटांवरून कोणी पुटपुटत शिवी दिली तर बेबाबाई ती टिपून परत पाठवायची. चुडामणही या विद्येत पक्का झाला होता, इतका की आपण माणसांचं बोलणं नक्की कशाने ऐकतो, कानाने की डोळ्याने, याचा हिशेबच त्याने कधी ठेवला नव्हता. भिकुबाई पाठमोरी बोलली की तिचं बोलणं अस्पष्ट होतं, एवढं मात्र त्याला माहीत होतं. ती म्हातारपणी पुटपुटायला लागली आहे.

आणि कान तर त्याची कमाई होती. दोन फूट लांब, स्क्रू पिळायचा पेचकस, बाभळीच्या मुठीचा, तळहातांच्या तेलाने काळा पडलेला. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग बोटं दाखवून सांगायचं: सात नंबर, पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सात नंबरचं बेअरिंग जाम. एकदा शेठजींच्या मोटारीला त्याने असाच पेचकस लावला आणि म्हणाला, धुळ्यापर्यंत जाणार नाही, पारोळ्याच्या अलीकडे बसेल. मोटार पारोळ्याच्या अलीकडे बसली. शेठजी अजून म्हणतात की तिला ठाऊक नव्हतं, चुडामणने सांगितलं म्हणून तिने मनाला लावून घेतलं. आसपासचे जिनिंगवाले त्याला कानमिस्त्री म्हणत. भिकुबाईच्या माहेरीही जावयाची ओळख तीच. बाकी त्याच्यापाशी होतं काय, मोजे, डबा आणि हा कान.

ही विद्या मात्र त्याची नव्हे, सोनगीरच्या पुनाबाबाची. चुडामणचं बालपण सोनगीरला किल्ल्याखाली गेलं, आणि घरामागेच तांबट आळी. दिवस उगवला की पितळेवर हातोडी पडायला लागायची, ती सूर्य मावळेपर्यंत. त्या आळीत जन्मलेली पोरं रडताना आवाज न करता रडतात, कारण उपयोग नसतो, असं लोक म्हणायचे. पुना तांबट त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बहिरा. पोरं मागून जाऊन त्याच्या नावाने ओरडायची आणि तो हांडा ठोकत राहायचा, म्हणून चुडामणही ओरडला होता, एकदा नव्हे, रोज. पण हांडा तयार झाला की पुनाबाबा त्याच्या काठावर कपाळ टेकवायचा, बोटाने एक टिचकी मारायचा आणि सांगायचा, बुडाला बारीक चीर शे. पाणी भरलं की तिथूनच थेंब यायचा. चुडामणने विचारलं होतं, बाबा, तुले ऐकू तं येत नही. म्हाताऱ्याने कपाळावर बोट ठोकलं आणि हसला. हाड ऐकस, पोरा. तो हसताना डोळे मात्र समोरच्याच्या ओठांवर ठेवून होता, भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतं तसे. त्या नजरेचा अर्थ चुडामणला तेव्हा कळला नाही. आता इतक्या वर्षांनी, बारा नंबरच्या यंत्रापाशी उभं राहून बेबाबाईच्या ओठांकडे टक लावून पाहताना, ती नजर एकदम आठवली आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

त्याच दुपारी आयुषी त्याच्यापाशी आली. शेठजींची नात, पुण्याहून इंजिनीअर होऊन आलेली, लहानपणी चुडामणच्या खांद्यावर बसून सरकीचे ढीग पाहिलेली. गेले पंधरा दिवस ती हातात मोबाईल धरून हॉलमध्ये फिरत होती. मोबाईलमध्ये आवाजाचा आकडा यायचा, शहाण्णव, कधी अठ्ठ्याण्णव, आणि तो पाहून ती सरकारी डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसं चोवीस यंत्रांकडे पाहायची. तिने केशरी स्पंजाचे कानात घालायचे बोळे आणले होते. ते पाहून बाया हसल्या. कारण या जिनिंगमध्ये बोळ्यांचा रिवाज जुनाच होता: हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्रापुढे नारळ फुटायचा, पहिल्या यंत्रातून पहिली रुई निघायची, तिची एक वात देवापुढे लागायची आणि उरलेल्या रुईचे बोळे करून सगळ्यांनी कानात घालायचे. देवाची वात जळून जाते, कानाचा बोळा हंगामभर राहतो. चुडामण मात्र फक्त डाव्या कानात घालायचा. डावा कान माणसांचा, उजवा यंत्रांचा, असं तो म्हणायचा, आणि यंत्रांचा कान त्याने चाळीस हंगाम उघडा ठेवला होता, पाहुण्यासाठी दार ठेवावं तसा. आयुषीने केशरी बोळे पुढे केले तेव्हा त्याने खिशात टाकले. बोळे घातलेला मिस्त्री आणि पडसं झालेला आचारी, दोघांना कामावर ठेवू नये.

मग ती आणखी काहीतरी बोलली. तिच्या तोंडावर धूळ अडवायची पांढरी पट्टी, त्यामुळे ओठ दिसेनात. यंत्रं सुरू. तिने त्याच्या उजव्या कानाशी येऊन मोठ्याने सांगितलं आणि त्याला ऐकू आलं: काका, यंदा इकवायचं आहे, मंगळवारी कानाची तपा-णी, मग उरुवात. मधली अक्षरं पोत्यातून दाणे गळावे तशी गळालेली. पण इकवायचं आहे, एवढं खणखणीत आलं. इकणं म्हणजे विकणं, खानदेशातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्याने मान हलवली, तिने त्याचा हात दाबला आणि गेली. हातही दाबला, म्हणजे ठरलंच.

जिनिंग विकायची. तो पेचकस हातात धरून बराच वेळ सहा नंबरपाशी उभा होता. तपाणी म्हणजे तपासणी, हेही त्याने जुळवून काढलं. घेणारा येण्याआधी जनावराचे दात पाहतात, तसे मंगळवारी माणसांचे कान पाहणार. धड असतील ते यंत्रांबरोबर विकले जातील, फुटके असतील ते फाटकावर बसतील, ट्रकचे नंबर लिहायला. फाटकावर बसलेला कानमिस्त्री त्याला दिसला, अगदी खुर्चीसकट. सकाळची कढईही तेव्हा पुन्हा दिसली, तिची उठलेली मुकी वाफ, आणि कढई ठीक आहे हे त्याला पहिल्यांदा, अगदी क्षणभर, कळलं. ते त्याने लगेच दाबलं. पण पोटातलं दुःख कुठेतरी ओतायला हवं, म्हणून चाळीस फुटांवरच्या बेबाबाईला त्याने नुसत्या ओठांनी सांगितलं: शेठ इकी ऱ्हायना. बेबाबाईने कपाळाला हात लावला. तिने ते दोघींना सांगितलं, त्यांनी ट्रकवाल्याला, आणि ट्रक तर चोपड्याचा.

शुक्रवारी चुडामणने रजा टाकली आणि एस.टी.ने धुळ्याला गेला. लेकीला भेटायला, असं घरी सांगितलं. खरं कारण असं की मंगळवारआधी कान गुपचूप तपासून घ्यायचे होते, आणि जळगावात कोणत्याही दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला तर तिसऱ्या पायरीपर्यंत बातमी नशिराबादला पोचते. लेक दीपमाला धुळ्याच्या देवपुरात राहायची. तिला काही सांगावं लागलं नाही. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं होतं, नाना, आई न्हाणीत पडली म्हणे, आणि बापाने उत्तर दिलं होतं, हो हो, छान, तुम्ही पण या. त्या दिवसापासून तिने कानाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून ठेवलेला होता.

तपासणीची खोली म्हणजे एक पेटी, स्पंजाच्या भिंतींची, एका बाजूला काच. काचेपलीकडे बाई आणि त्यांचं यंत्र. कानावर मोठ्या वाट्या चढवल्या, हातात बटण दिलं, बारीक शिट्टी आली की दाबायचं. दार बंद झालं आणि चुडामणला धडकीच भरली. इतकी शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, डोक्याच्या मधोमध, कोणीतरी चोवीसच्या चोवीस यंत्रं सुरू केली. बारीक, सलग, तारेवरून तार घासावी तशी किणकिण. ती ओळखीची होती. पहिल्या हंगामात संध्याकाळी घरी आलं की ही किणकिण यायची आणि सकाळी जायची, जिनिंगचे रातकिडे घरापर्यंत सोबत येतात असं सगळेच म्हणत आणि हसत. मग एका वर्षी ती सकाळी गेली नाही. कोणतं वर्ष? दीपमालाच्या लग्नाचं, की त्याच्या आधीचं. लग्नात सनई त्याला अर्धवट वाजल्यासारखी वाटली होती आणि त्याने सनईवाल्याला सुनावलं होतं. सनईवाला बिचारा गाल फुगवून फुगवून लाल झाला होता. त्याची क्षमा मागायला हवी, असं चुडामणला त्या पेटीत वाटलं, पण तो माणूस आता कुठे असणार.

मिस्त्री माणूस, चटकन शहाणा झाला. बाईंचा उजवा हात बटणावर गेला की खांदा किंचित हलतो, हे त्याने काचेतून पाहिलं आणि खांदा हलला की दाबायला सुरुवात केली. पाच-सहा वेळा झालं. बाई हसल्या, उठल्या, आत आल्या आणि त्याची खुर्ची भिंतीकडे वळवून गेल्या. मग फक्त स्पंज. तो वाट पाहत राहिला. किणकिण चालूच. आली का शिट्टी, ही ती की ही रोजची? त्याने एकदा दाबलं, मग भीतीने दोनदा, मग दाबतच राहिला. शाळेत उत्तर येत नसताना हात वर करावा तसं.

"बाबा, शेवटची पाच मिनिटं मी काहीच वाजवलं नव्हतं," तो बाहेर आल्यावर बाई त्याच्या समोर बसून, ओठ नीट दिसतील असं बोलल्या.

 बाईंनी कागद दाखवला. त्यावर रेघ होती, सुरुवातीला सपाट, आणि मग एकदम खाली कोसळलेली, सोनगीरच्या किल्ल्याचा मागचा कडाच जसा. ट्रक, ढोल, म्हैस, हे सगळं सपाटीवर. श, स, फ, बांगडी, फोडणी, पाखरं कड्याखाली. त्यांनी समजावून सांगितलं ते त्याला पटलं, कारण त्या केळीच्या मुलखातल्याच होत्या. कानाच्या आत म्हणे बारीक केसांची बाग असते. वारा आला की वाकते, उभी राहते. रोजच वादळ आलं की केळी आडवी पडते, आणि आडवी पडलेली केळ उभी राहते का? नाही राहत. बागेच्या दारातली पहिली ओळ बारीक आवाजांची, म्हणून ती आधी पडते. कापसाचा बोळा म्हणजे वादळाला साडीचा आडोसा. यंत्र लावता येईल, थोडं ऐकू येईल, पण पडलेलं परत येणार नाही. उभं आहे ते मात्र राखता येईल, आजपासून राखलं तर. उजवा कान जास्त गेलाय, का हो, बाईंनी विचारलं. यंत्रांचा कान, तो म्हणाला. दीपमालाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. परतताना एस.टी.त त्याने कागदाची आठ घड्यांची पुडी करून टोपीत ठेवली. एरंडोलपर्यंत तो खिडकीतून पाहत होता आणि मनात पुनाबाबा. आपण मागून ओरडायचो तेव्हा म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, पण उन्हात पोरांच्या सावल्या त्याच्या पुढ्यातल्या हांड्यावर पडत असणार. सगळी तोंडं उघडी असलेल्या सावल्या. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

सोमवारी शेठजींनी गादीवर बोलावलं. चोपड्याहून दोन व्यापारी आले होते, चहा पिऊन बसले होते, आणि अर्धा तास हवापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं की जागेसकट देता की नुसती यंत्रं. इंदरचंद शेठजी ऐंशीचे, ते चिडत नाहीत, टोमणा मात्र तांदळातल्या खड्यासारखा दाताखाली येतो.

"ये चुडामण," ते म्हणाले. "माझी जिनिंग तू इकली म्हणे. चांगलं केलं. मला एका शब्दाने विचारलं असतं, तर बरं झालं असतं."

चुडामणने आयुषीकडे पाहिलं. आज तिच्या तोंडावर पट्टी नव्हती. ताई बोलल्या मला बुधवारी, तो म्हणाला, इकवायचं आहे म्हणून. आयुषीचं तोंड उघडं राहिलं, मग तिने डोळे मिटले, आणि त्याला दिसेल अशा ओठांनी, सावकाश म्हणाली, "शिकवायचं, काका. शि. यंदा सगळ्यांना शिकवायचं आहे, तुमच्यापासून सुरुवात."

गादीवर कोणी हसलं नाही. व्यापारी कपात पाहू लागले. चुडामणला वाटलं की आपण भर बाजारात उघडे पडलो, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी खांद्यावरचं एक पोतंही उतरलं. त्याने टोपी काढली, आतली पुडी काढली, आठ घड्या एकेक करून उलगडल्या आणि किल्ल्याचा कडा शेठजींपुढे ठेवला. "श गेला शेठजी," तो म्हणाला. "बाकी शे." मग म्हणाला की फाटकावर बसायला तो तयार आहे, पण ज्याला ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याला ऐकायला काय शिकवायचं, एवढं ताईंनी सांगावं.

आयुषीने सांगितलं नाही, त्याला हॉलमध्ये नेलं. शेठजी काठी टेकत मागे आले, व्यापारीही आले, फुकटचा तमाशा कोण सोडतो. यंत्रं सुरूच होती. तिने खिशातून केशरी बोळा काढला, बोटांत वळून वातीसारखा बारीक केला, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान वर ओढला, बोळा आत सरकवला आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरला. मग त्याला खूण केली, आता तुम्ही; शिकवायचं होतं ते हेच. चुडामणने खिशात पाच दिवस पडून असलेले बोळे काढले. वात वळली. देवाच्या वाती वळलेला हात, त्यात काय अवघड. डोक्यावरून हात नेऊन त्याने उजवा कान धरला आणि वर ओढला.

चोवीस यंत्रांवरच्या बायामाणसांनी पाहिलं ते असं, की चुडामण मिस्त्री शेठजींपुढे स्वतःचा कान धरून उभा आहे. चुकलो म्हणून कान धरतात तसा, शाळेतल्यासारखा. बेबाबाईने पुढे आठ दिवस सांगितलं की त्याने पाच उठाबशाही काढल्या, पण बेबाबाईच्या चिमण्याही चोपड्याला जातात. त्याने मात्र कान सोडला नाही. शेठजींकडे पाहत त्याने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, बोळा फुगून बसल्यावरही, आणि शेठजींनी हात हलवला, झालं, पुरे. मग त्याने दुसरा धरला.

वादळ दाराबाहेर गेलं. चाळीस हंगामांत पहिल्यांदा तो हॉलच्या आत आणि आवाजाच्या बाहेर होता. आता पेचकसाचं काय होणार? मेला असेल तर आत्ताच कळू दे, असं म्हणून त्याने टोक चौदा नंबरच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले. आणि बेअरिंग बोललं. बाहेरचा गोंधळ मध्ये न येता, बंद खोलीत शेजारी बसून कोणी बोलावं तसं, जाडं, खोल, एकेक गोळी मोजता येईल असं. बाहेरचं दार लावल्यावर हाडातला आवाज डोक्यातच घुमत राहत होता, जाणार कुठे. चाळीस वर्षं ज्या पाहुण्यासाठी दार उघडं ठेवलं, तो पाहुणा दारातून कधी आलाच नव्हता. तो भिंतीतून येत होता. पुनाबाबाने कपाळावर बोट ठोकून सांगितलं होतं ते हेच, आणि आपण उजवा कान तेवढा फुकट घालवला. मिटल्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने कापसाच्या धुळीवर ढकललं. मग बोटं वर केली: चौदा नंबर, नऊ दिवस. पेचकस आयुषीच्या हातात दिला, आणि तिचा हात धरून मूठ तिच्या कानामागे टेकवली. व्यापाऱ्यांनीही मागितला. एकाने तो उलटा धरला.

त्या दिवशी तो घरी परतला तेव्हा ऊन होतं. भिकुबाई ओट्यापाशी उभी, वांगी चिरून पाण्यात टाकलेली, तेल चढवलेलं. तो दारात बसला नाही. सरळ आत गेला, खिशातून बोळे काढले, एकेक कान धरून ते घातले, पिशवीतून पेचकस काढला आणि त्याचं टोक कढईच्या कानावर टेकवलं. कढईलाही कान असतात, हे त्याच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. भिकुबाईने आधी पेचकसाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नंतर तोंडातल्या तोंडात काही म्हणाली असणार, पण पाठमोरी होती. तिने मोहरी टाकली.

चर्र नव्हतंच. ते कड्याखाली गेलेलं, ते येणार नव्हतं, आणि तो त्याची वाटही पाहत नव्हता असं नाही, थोडी पाहत होता. पण मोहरी फुटत होती. टप, टप, टप, दूर कुठल्या गावात लग्नाचा ढोल निघावा आणि तो वाऱ्याने तुटक तुटक यावा तशी. मग वांगी पडली आणि ढोलाखाली नदीसारखं काहीतरी खळखळलं. मग ठक, ठक, हा झारा. आणि झाऱ्यामागून, त्याच्याच तालात, आणखी एक बारीकशी थरथर, झाऱ्यातून कढईत, कढईतून पोलादात, बाभळीत, हाडात. ती कशाची, हे कळायला त्याला वेळ लागला. तिचा हात होता तो. बांगड्यांसकट.

भिकुबाईने झारा थांबवला आणि वळली. आता तिचा चेहरा पूर्ण त्याच्याकडे होता, दात दिसले, ओठ पुढे आले.

"काही शे का तठे?"

त्याने मूठ हाडावरून न काढता मान हलवली. बोळ्यांमुळे स्वतःचा आवाज डोक्यात रिकाम्या हांड्यातल्यासारखा घुमेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. जीभ टाळूला लावली, दातांमधून वारा सोडला, आणि श ऐकू आला नाही तरी तो तिथे होता, ओठांना गार लागत होता.

"शे," तो म्हणाला.